धुऱ्याचा वाद आणि देशांची सीमा



बांधीचा धुरा हातभर सरकला की सख्ख्या भावांचे बोलणे बंद होते. मामा तलावाचे पाणी आधी कोणाच्या बांधीत सोडायचे, यावरून काठ्याही निघतात. अशा वेळी गावातील चार जाणती माणसे बसतात, दोघांचे ऐकतात आणि निवाडा देतात. 2007 मध्ये राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तिच्यामागेही हाच विचार होता. पण दोन देशांचे भांडण असे मिटू शकते का? आजच्या पाठात आपण याचा विचार करू या.

1. आपली वैनगंगा

वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते, आपल्या भंडारा आणि पवनीवरून वाहत जाते आणि पुढे वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते. प्राणहिता गोदावरीला मिळते. या गोदावरी खोऱ्याच्या पाण्यावर पाच राज्यांनी हक्क सांगितला. 1969 मध्ये न्यायमूर्ती बचावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमण्यात आला. सुनावणी चालू असतानाच राज्यांनी आपसात करार केले, आणि 1980 च्या अंतिम निवाड्यात त्या करारांना स्थान मिळाले. तुमसर तालुक्यातील बावनथडी प्रकल्प महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांचा संयुक्त प्रकल्प आहे.

राज्यांच्या वर संविधान आहे, केंद्र सरकार आहे. देशांच्या वर मात्र असा कोणी मालक नाही. म्हणून देशांच्या वादात सगळे काही एका गोष्टीवर अवलंबून असते. ती गोष्ट म्हणजे त्यांनी दिलेला शब्द.

2. कच्छचे रण

एप्रिल 1965 मध्ये कच्छच्या रणात भारत आणि पाकिस्तानच्या सैन्यांत चकमकी झाल्या. ब्रिटनच्या मध्यस्थीने 30 जून 1965 रोजी करार झाला. आपसात तोडगा निघाला नाही तर तीन जणांचा लवाद नेमायचा, आणि त्याचा निवाडा दोघांनीही बंधनकारक मानायचा, असे त्यात ठरले. दोनच महिन्यांत काश्मीरवरून मोठे युद्ध पेटले. तरीही हा करार मोडला नाही. भारताने युगोस्लाव्हियाचे व पाकिस्तानने इराणचे सदस्य सुचवले, आणि अध्यक्ष स्वीडनचे न्यायाधीश गुन्नार लागरग्रेन झाले.

19 फेब्रुवारी 1968 रोजी निवाडा आला. वादातील सुमारे नव्वद टक्के भाग भारताकडे राहिला आणि सुमारे दहा टक्के पाकिस्तानला मिळाला. आपल्या देशात संताप उसळला, आंदोलने झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1969 मध्ये न्यायालयाने त्या याचिका फेटाळल्या आणि सरकारने दिलेला शब्द पाळला. सर क्रीक खाडीचा प्रश्न या निवाड्याबाहेर होता. तो आजही सुटलेला नाही.

3. निवाडा नाकारला तर?

दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिना आणि चिली हे दोन्ही कॅथलिक बहुसंख्य देश बीगल खाडीतील तीन बेटांवरून भांडत होते. 1977 मध्ये लवादाचा निवाडा चिलीच्या बाजूने लागला. अर्जेंटिनाने तो नाकारला. डिसेंबर 1978 मध्ये दोन्ही सैन्ये सज्ज झाली आणि युद्ध अगदी दाराशी आले. तेव्हा पोप जॉन पॉल दुसरे यांनी कार्डिनल अँतोनियो सामोरे यांना पाठवले. 8 जानेवारी 1979 रोजी दोन्ही देशांनी बळाचा वापर न करण्याचे मान्य केले.

पुढची बोलणी सहा वर्षांच्या आसपास चालली. कार्डिनल सामोरे 1983 मध्ये देवाघरी गेले. करार पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. अर्जेंटिनात जनमत घेण्यात आले, लोकांनी मोठ्या बहुमताने होकार दिला आणि 29 नोव्हेंबर 1984 रोजी व्हॅटिकनमध्ये करारावर सह्या झाल्या. बेटे चिलीकडेच राहिली. म्हणजे जे 1977 मध्ये नाकारले, तेच बऱ्याच अंशी 1984 मध्ये स्वीकारले. मधल्या काळात युद्ध झाले असते, तर किती घरांतले दिवे विझले असते!

4. आपण काय शिकावे?

भाऊ चुकला तर आधी एकट्याने भेटा, मग दोघा-तिघांना सोबत न्या, मग ख्रिस्तसभेपुढे ठेवा, हा क्रम प्रभू येशूने मत्तयच्या अठराव्या अध्यायात घालून दिला आहे. देशांनाही हाच क्रम लागू पडतो: बोलणी, मध्यस्थ आणि मग लवाद.

मात्र लवाद म्हणजे जादू नव्हे. पंचांनी माझ्याच बाजूने बोलावे असे मनात धरून जो बैठकीला जातो, तो न्याय मागायला जातच नाही. निवाडा येण्याआधीच “विरुद्ध लागला तरी मानीन” असे म्हणावे लागते. त्या दहा टक्के जमिनीची किंमत देऊन आपल्या देशाने हे दाखवून दिले. आपल्याला तर हातभर धुराच सोडायचा असतो.

कुटुंबात चर्चेसाठी:
1. आपल्या घरात किंवा शेजारात कोणता वाद अजून मिटलेला नाही?
2. दोन्ही बाजूंना विश्वास वाटेल असा मध्यस्थ कोण?
3. निवाडा आपल्याविरुद्ध गेला, तर मानण्याची आपली तयारी आहे का?