पाळीतली कणकण आणि खरा ताप

पालकहो, लेकीची पाळी जवळ आली, तिचं अंग कोमट लागलं की घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, 'नाटकं आहेत'. दुसरं, 'पाळीत ताप येतोच'. मला दोन्हींची काळजी वाटते.

कणकण हे नाटक नव्हे. स्त्रीबीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि अंगाचं तापमान साधारण अर्धा ते एक अंश फॅरनहाइटने चढतं. एरवी सकाळी 97.4 असेल, तर या दिवसांत 98.2 दिसेल. पाळी आली की पुन्हा उतरेल. (पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलींत दर महिन्याला बीज सुटतंच असं नाही, तेव्हा हा चढउतार दिसेलच असंही नाही.) पहिल्या दिवशी गर्भाशयातली प्रोस्टाग्लँडिन्स कळा आणतात, कुणाला मळमळतं, कुणाला जुलाब होतात. शेकायला पिशवी द्या, क्लास बुडाला तर बुडू द्या.

पण काटा 100.4 च्या वर गेला, तर दोष पाळीला देऊ नका. मलेरिया, टायफॉइड, लघवीचा संसर्ग, काहीही असू शकतं. लघवीला जळजळ होते का, हे तुम्हीच विचारा. मुली आपणहून सांगत नाहीत.

पावसाळ्यात मला सगळ्यात धास्ती डेंग्यूची. पोट दुखतंय म्हणून डब्यातली मेफेनॅमिक ॲसिडची गोळी सहज दिली जाते. डेंग्यूत ही गोळी, आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन टाळायची असतात, कारण रक्तस्राव वाढू शकतो. निदान होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल द्या, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. आणि डेंग्यूत अंगावरून नेहमीपेक्षा जास्त जाऊ लागलं, तर ताप उतरलेला असला तरी थेट रुग्णालय गाठा. ताप उतरतानाचेच एकदोन दिवस जास्त धोक्याचे असतात.

मुलगी टॅम्पॉन किंवा कप वापरत असेल आणि एकाएकी जोराचा ताप, उन्हाने भाजल्यासारखी लाली, उलट्या, चक्कर असं काही झालं, तर तो लगेच काढायला सांगा आणि तडक दवाखान्यात न्या. असं क्वचितच होतं, पण झालं तर उशीर परवडत नाही.

बाबांनो, हे तुमच्यासाठीही आहे. आई ड्यूटीवर असते, ताप रात्री चढतो आणि दवाखान्यात लेक तुमच्यासमोर संकोचाने गप्प बसते. तेव्हा पाळी कोणत्या तारखेला आली, किती जातंय, कोणती गोळी दिली, हे डॉक्टरांना तुम्हाला सांगता आलं पाहिजे.