समोरच्याची बाजू आधी मांड

निपाणी

प्रिय भाची,


पत्र पोचलं. वक्तृत्व स्पर्धेचं भाषण शिक्षकानं लिहून द्यायचं आणि पोरानं हातवाऱ्यांसकट घोकायचं, ही रीत तुला मोडायची आहे हे वाचून बरं वाटलं. त्यातून सभाधीटपणा येतो, नाही असं नाही. पण समोरच्यानं एक साधा प्रश्न टाकला की घोकलेलं तिथंच संपतं. तेव्हा तू वादविवाद घे. फक्त ‘मोबाईल: शाप की वरदान’ असला विषय नको, त्यात कुणाचंच काही अडत नाही. बेळगावात मराठी शाळेत शिकवतेस, विषय दाराशी उभा आहे.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न म्हटलं की तुझ्या मुख्याध्यापकांच्या कपाळाला आठ्या पडतील. त्यांना सांग, घोषणा द्यायच्या नाहीत, तपासायच्या आहेत. ‘बेळगाव, कारवार, निपाणी, भालकी, बिदरसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ हे फळ्यावर लिही आणि विचार, यात कारण कुठं आहे? सापडणार नाही. घोषणेनं माणसं गोळा होतात, पटवण्याचं काम तिचं नव्हे. मग शेजारी मागणीमागचे चार निकष लिही: खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या, लोकेच्छा. आता वादाला तोंड फुटेल, कारण यातल्या प्रत्येकाला ‘का?’ विचारता येतं. खेडंच का, तालुका का नाही? सलगता आपल्या पोरांना समजावायला लागत नाही. देवचंद कॉलेजला कर्नाटकातल्या निपाणीचं म्हणून ओळखतात, पण ते ज्या अर्जुननगरात आहे ते कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात.

खरी कसोटी या सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाची. 1966 साली नेमणूक, 1967 साली अहवाल. महाराष्ट्राची मागणी 814 गावांची आणि बेळगाव शहराची. आयोगानं 264 गावं देऊ केली. त्यात आपली निपाणी होती, खानापूर होतं, बेळगाव नव्हतं. म्हणजे एकाच अहवालात निपाणीकराला ‘हो’ आणि बेळगावकराला ‘नाही’. मुलांना विचार: निपाणीपुरता अहवाल बरोबर आणि बेळगावपुरता चूक, असं म्हणता येईल का? येईल, पण मग दोन्हीकडे आयोगानं वेगवेगळं माप लावलं हे दाखवावं लागेल. बॅरिस्टर अंतुल्यांनी या अहवालावर अख्खं पुस्तक लिहिलं ते उगीच नाही. नुसतं ‘अन्याय झाला’ म्हणणाऱ्याला मी तरी पासापुरते मार्क देईन.

आणि कर्नाटकाची बाजू दुबळी करून मांडू देऊ नकोस. ‘आयोग तुम्हीच मागितलात, निकाल विरुद्ध गेल्यावर तो नाकारता’ हा मुद्दा भक्कम आहे. आपली बरीच मंडळी तो ऐकला की आवाज चढवतात, उत्तर मात्र देत नाहीत. ज्या मुलाला तो कन्नड शेजाऱ्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडता आला, त्यालाच पुढं खोडायला परवानगी दे. तुझ्या पोरांना कन्नड वाचता येतं, ही पुण्या-मुंबईच्या पोरांकडे नसलेली शिदोरी आहे. एक नोव्हेंबरचे, म्हणजे कर्नाटकाच्या राज्योत्सवाचे आणि सीमाभागातल्या मराठी माणसांच्या काळ्या दिनाचे, मराठी आणि कन्नड पेपर दोन्ही वर्गात आण. कुठल्या बातमीत कर्ता आहे आणि कुठं नुसतं ‘लाठीमार झाला’ आहे, एवढं जरी त्यांनी शोधलं तरी तास सत्कारणी लागला.

आपलंच माप आपल्याला लावायचं, हे सगळ्यांत जड जातं. खेडं हा घटक बेळगावात मानायचा तर महाराष्ट्रातल्या अक्कलकोट, जतमधल्या कन्नडबहुल खेड्यांचं काय? इथं एक गोष्ट मुलांना आवर्जून सांग: 1957 च्या मागणीत आपल्या बाजूनं 260 कन्नडबहुल गावं द्यायची तयारी दाखवली होती. मला ती मागणी याच वाक्यामुळं पटते. भाषणांत मात्र ते क्वचित ऐकू येतं. देण्याच्या गोष्टीला टाळ्या कुठल्या?

दहावीच्या हुशार पोरांसाठी सुप्रीम कोर्टातला दावा राखून ठेव. 2004 साली महाराष्ट्र राज्यघटनेचं कलम 131 घेऊन तिथं गेला. कर्नाटक म्हणतं, कलम 3 प्रमाणे सीमा बदलणं संसदेचं काम, कोर्टाचं नव्हे. म्हणजे बेळगाव कुणाचं यावर बोलण्याआधी ते ठरवायचं कुणी यावरच भांडण. दोन्ही कलमं नागरिकशास्त्राच्या सरांकडून साध्या मराठीत लिहून घे. बाजू चिठ्ठ्या टाकून वाट, आणि मध्यंतरानंतर त्या उलट्या कर. पालक तक्रार घेऊन आले तर त्यांनाही एक चिठ्ठी उचलायला लाव.

तुझा,
मामा