गॅस भरण्याआधी वीस मिनिटं थर्मामीटर धरा

मे महिन्यात बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली, म्हणजे खामगाव-शेगाव-मलकापूरकडे, पारा 43-44 वर गेला की एसीचा मिस्त्री फोन उचलत नाही. उचललाच तर यंत्र न बघताच सांगतो, ‘गॅस संपला असेल.’ या वाक्याची किंमत साधारण अडीच ते साडेतीन हजार रुपये. तेव्हा आधी स्वतः तपासा. दोनशे-तीनशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर पुरतो. तापाचा नको, स्वयंपाकघरातला चालेल.

दारं-खिडक्या लावा. एसी ‘कूल’वर, 18 अंशांवर, पंखा फुल. वीस मिनिटं थांबा. मग इनडोअर युनिट वरून जिथे हवा ओढतं तिथलं तापमान घ्या, आणि नंतर थंड हवेच्या तोंडाशी. वर 33 आणि तोंडाशी 21 असेल तर फरक 12. एसी ठणठणीत आहे, मिस्त्रीला बोलावू नका. 10 ते 14 फरक चांगला. 8 च्या खाली असेल तर दोष आहे. फरक भरपूर पण हवेला जोरच नाही, तर जाळी चोंदली आहे; नळाखाली धुवा, सावलीत वाळवा, फुकटात काम झालं.

‘पाइपातून पाणी टपकत नाही, म्हणजे गॅस गेला’ हे अजिबात मानू नका. आपल्याकडे एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी असते की टपकायला पाणीच नसतं. जूनमध्ये तोच एसी बादली भरतो.

फरक बरोबर आहे, तरी खोली थंड होत नाही? मग दोष खोलीचा. एसीची टनाची क्षमता बाहेर 35 अंश धरून मोजलेली असते. घाटावर बुलढाणा, चिखलीत ती बरीचशी मिळते. घाटाखाली 44 अंशांत दीड टनाचा एसी दीड टनाचं काम करत नाही. जाहिरातीतल्या ‘52 अंशांतही चालतो’ याचा अर्थ बंद पडत नाही, एवढाच. त्यात स्लॅबखालची खोली आणि पश्चिमेची खिडकी असेल, तर दुपारी 27-28 वर समाधान माना. स्लॅबला पांढरा रंग आणि खिडकीला बाहेरून ताटी हा खर्च मोठा एसी घेण्यापेक्षा स्वस्त. आणि कूलर बंद केल्याबरोबर त्याच खोलीत एसी लावू नका. कूलरनं भरलेली ओल काढण्यातच एसीची ताकद जाते. अर्धा तास खिडकी उघडी ठेवा.

फरक खरंच कमी आला तर आधी आउटडोअर युनिट बघा. जिनिंगजवळ किंवा सोयाबीन काढणीच्या शेताशेजारी घर असेल तर मागच्या जाळीवर धूळ-तुसाची गोधडीच बसलेली असते. माझ्याकडे एका मिस्त्रीनं 2,800 रुपयांचा गॅस भरला, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. दुसऱ्यानं नुसती ती जाळी पंपानं धुतली आणि एसी सुरळीत झाला. पंपानं पूर्ण धुलाई साधारण 500 ते 800 रुपये. कपॅसिटर 300 ते 600. इन्व्हर्टरचं कार्ड गेलं तर तीन हजारांच्या पुढे. दर दुकानागणिक बदलतात, म्हणून काम सुरू होण्याआधी आकडा विचारा. फेब्रुवारीत बोलावलंत तर घासाघीस करता येते. मे महिन्यात नाही.

गॅस वापरून संपत नाही, गळतो. तेव्हा मिस्त्रीला तीन गोष्टी विचारा: गळती कुठे सापडली? भरण्याआधी व्हॅक्यूम करणार का? किती ग्रॅम भरणार? आउटडोअरच्या पट्टीवर गॅसचा प्रकार आणि वजन छापलेलं असतं. वजनकाटा न आणता अंदाजानं भरणाऱ्याला परत पाठवा. व्हॅक्यूम पंपाशिवाय वीस मिनिटांत उरकलेलं काम टिकत नाही.

वॉरंटी असेल तर कंपनीच्याच केंद्रात नोंद करा. बिल, वॉरंटी कार्ड, दोन्ही युनिटांचे सीरियल नंबर आणि बसवल्याची तारीख हाताशी ठेवा. ‘कॉम्प्रेसर दहा वर्षं’ याचा अर्थ बहुतेकदा नुसता कॉम्प्रेसर. गॅस, मजुरी, वाहतूक तुमच्या खिशातून. दुरुस्ती झाली नाही तरी व्हिजिट चार्ज लागू शकतो, वर 18 टक्के जीएसटी. लोणार, संग्रामपूरसारख्या ठिकाणी येण्याजाण्याचे वेगळे पैसे मागतात का, तेही फोनवरच विचारा. बदललेला जुना भाग मागून घ्या.

विजेचं गणित वेगळं. तासाला दीड युनिट धरा, रोज आठ तास, महिन्याला 360. म्हणजे घरातलं बाकी काही न धरताच तुम्ही महावितरणच्या 300 युनिटांपुढच्या महाग टप्प्यात गेलात. 18 ऐवजी 25-26 वर ठेवून छताचा पंखा हळू लावा.

बिल न देणं, वॉरंटी नाकारणं, असं काही झालं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे भागलं नाही तर बुलढाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. वस्तू किंवा सेवेसाठी तुम्ही मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं. फक्त पक्कं बिल लागेल, कच्च्या चिठ्ठीवर वाद अवघड जातो.