संघ विखुरलेला, सराव एकत्र

मी राहतो त्या बजबजचा किल्ला डिसेंबर १७५६ मध्ये पडला. स्ट्रॅहन नावाचा मद्यधुंद इंग्रज खलाशी एकटाच आत घुसला होता. असा योगायोग शिकवता येत नाही. संघाचे काम शिकवता येते.

पण संघ चार गावांत विखुरलेला असेल तर? १९९० च्या दशकात अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात ‘स्टीव्ह’ हा संगणकीय शिक्षक तयार झाला. जहाजाच्या आभासी इंजिनरूममध्ये तो काम करून दाखवी, ‘का?’ विचारल्यास कारण सांगे आणि संघातील गैरहजर गड्याची जागाही घेई. नेटवर्कने जोडलेले शिकाऊ एकत्र सराव करू शकत.

अशा सोबत्याकडून कामाचा क्रम आणि आपली जबाबदारी जरूर शिकावी. मात्र तो थकत नाही, घाबरत नाही. थकलेल्या साथीदाराला सावरणे मैदानावरच शिकायचे.