मधोमध मळकट का?

संगणकावर तुम्ही एक चित्र केलेत. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि मध्ये एका रंगातून दुसऱ्यात अलगद जाणारी छटा. चित्रकलेचे सर म्हणाले, "मधला भाग मळकट दिसतो." अशा वेळी बहुतेक जण अंदाजाने थोडा पिवळा वाढवतात. पण दोष रंगांच्या निवडीत नाही, सरासरीत आहे.

संगणक प्रत्येक रंगाला ० ते २५५ पैकी एक अंक देतो. मध्यावर लाल व हिरवा दोन्ही सुमारे १२८ होतात. १२८ म्हणजे निम्मा प्रकाश, असे तुम्हाला वाटेल. तसे नसते! अंधूक छटांतील बारीक फरक डोळ्याला अधिक जाणवतो, म्हणून पुष्कळसे अंक अंधूक छटांसाठी राखलेले असतात. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरलेल्या एसआरजीबी पद्धतीनुसार १२८ या अंकाला पडदा जेमतेम २२ टक्के प्रकाश देतो. निम्म्या प्रकाशासाठी १८८ हा अंक लागतो.

पडताळा घ्या. एकेक पिक्सेल जाडीच्या काळ्या व पांढऱ्या आडव्या रेघा आलटून पालटून काढा. शेजारी १२८ आणि १८८ अंकांचे दोन करडे चौकोन रंगवा. चित्र मूळ आकारातच ठेवून तीन-चार मीटर दूर उभे राहा. रेघांचा पट्टा कोणत्या चौकोनाशी जुळतो?

आता छटेच्या मध्यावर लाल १८८, हिरवा १८८ ठेवा. लालकडून पाव अंतरावर लाल २२५, हिरवा १३७. पलीकडे उलट.

काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटेला मात्र हा उपाय लावू नका. तेथे साध्या सरासरीचे टप्पेच डोळ्याला अधिक सारखे वाटतात.