पोटात गोळा का येतो?



शिष्यवृत्ती परीक्षेच्या सकाळची गोष्ट. केंद्रावर जायला सगळे जमले होते. एक मुलगी भिंतीला टेकून उभी होती. "गुर्जी, गरगरतंय. पोटात मुरडा येतोय," एवढंच म्हणाली आणि मटकन खाली बसली.

जमलेल्यांतील एक आजी म्हणाल्या, "नजर लागली पोरीला. आज पेपर नगंच." मागून एक मुलगा कुजबुजला, "सोंग करतीया." ते ऐकून वर्षभर अभ्यास केलेली ती पोर रडू लागली.

तिला नजर लागली नव्हती आणि ती सोंगही करत नव्हती. मग झाले काय होते?

आपली भाषाच पाहा. भीती वाटली की पोटात गोळा येतो, तोंडचे पाणी पळते, हातपाय गळतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. हे नुसते वाक्प्रचार नाहीत. शरीरात खरोखर तसे घडते.

समजा, उसाच्या फडात पायाशी साप दिसला. त्याच क्षणी मेंदू शरीराला इशारा देतो. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या टोकाशी अधिवृक्क नावाच्या लहान ग्रंथी असतात. त्या ॲड्रेनलिन नावाचा स्राव रक्तात सोडतात. काळीज धडधडते, श्वास जलद होतो, पळण्यासाठी स्नायूंना जास्त रक्त मिळते. पोटाचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता कमी होतो. लाळ आटते. जठराचे काम मंदावते, म्हणून मळमळते. मोठ्या आतड्याची हालचाल मात्र वाढते, म्हणून सारखे परसाकडे लागते. गंमत अशी की साप असो की प्रश्नपत्रिका, शरीर इशारा तोच देते!

हे कसे कळले? १८२२ साली अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जठराला पडलेले भोक बुजले नाही. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने त्या भोकातून पचनाची क्रिया डोळ्यांनी पाहिली. सेंट मार्टिन रागावला की त्याचे पचन बिघडते, असे त्याला दिसले. १८३३ मध्ये त्याने यावर पुस्तक लिहिले. पुढे वॉल्टर कॅनन या शास्त्रज्ञाने क्ष-किरणांनी मांजराचे जठर पाहिले. मांजर घाबरले किंवा चिडले की जठराची हालचाल थांबे. शांत झाले की पुन्हा सुरू होई.

आता चक्कर का येते ते पाहू.

१) घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. डोके हलके होते, बोटांना मुंग्या येतात.

२) कधी भीतीने उलटेच घडते. नाडी एकदम मंद होते, रक्तदाब उतरतो आणि भोवळ येते. फार वेळ एका जागी उभे राहिले तर रक्त पायांत साचते, तेव्हाही असे होते. आषाढी वारीत माउलींची पालखी आपल्या नातेपुत्यात मुक्कामाला असते. तेव्हा दर्शनाच्या रांगेत कुणी भोवळ येऊन पडतो, ते यामुळे किंवा उन्हाने अंगातले पाणी कमी झाल्यामुळे.

३) उपाशी पोट आणि अपुरी झोप यांची त्यात भर पडते. आपल्या या मुलीने आदल्या रात्रीपासून काही खाल्ले नव्हते.

मग काय केले? तिला सावलीत उताणे निजवले. पायांखाली दोन दप्तरे ठेवली. भोवतीची गर्दी हटवली. चपला-कांदा काही हुंगवला नाही. चार अंक मोजत श्वास आत, सहा अंक मोजत बाहेर, असे दहा वेळा करवले. नीट बसती झाल्यावर पाणी पाजले, थोडी भाकरी आणि गूळ दिला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र पाणी कधीच ओतू नये. अर्ध्या तासाने ती उठली आणि पेपर देऊन आली.

पण दर वेळी "टेन्शन असेल" म्हणून सोडून देऊ नका. पळताना भोवळ आली, शौचातून रक्त पडले, वजन घटू लागले, ताप किंवा उलट्या थांबेनात, वारंवार चक्कर येऊ लागली, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. अंगात रक्त कमी असले तरी चक्कर येते. ते तपासणीतच कळते. माणूस शुद्धीवर येत नसेल तर १०८ क्रमांकावर फोन करावा.

घरी आई-वडिलांनाही हे वाचून दाखवा. पाऊस नाही, कर्ज आहे, अशा काळजीने मोठ्यांचेही पोट बिघडते, घास उतरत नाही. मनातले कुणाजवळ तरी बोलावे. १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येते. यात लाज कसली?

करून पाहा : शांत बसून मनगटावरची नाडी एक मिनिट मोजा. मग मैदानाला एक फेरी पळून पुन्हा मोजा. नंतर वर सांगितल्याप्रमाणे दहा श्वास घ्या आणि तिसऱ्यांदा मोजा. तिन्ही आकडे वहीत लिहा.

सांगा पाहू :
१) भीती वाटल्यावर तोंडाला कोरड का पडते?
२) भोवळ आलेल्याचे पाय उंच का ठेवावेत?
३) चक्कर आलेल्या सोबत्याला "सोंग करतोस" म्हणणे योग्य का नाही?