आजीच्या जेवणाची वेळ

टॅम्पा,
२ मार्च

चि. सायलीस,


तुझा मेसेज परवा रात्री वाचला. विमानाची तिकिटं झाली, २० मेपासून डिस्नेच्या हॉटेलातल्या सहा रात्री झाल्या, आणि आता गाडी जेवणावर अडली आहे. निखिलचं म्हणणं, दोन महिने आधी जेवण बुक करायचं तर ती सुट्टी कसली? तुझ्या मैत्रिणीने मात्र सकाळ-दुपार-रात्र सगळं आधीच बुक केलं होतं. खरं कोणाचं, असं तू विचारलंस. फोनवर हे तुकड्यातुकड्यांत होईल, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझ्या मते दिवसाला एकच जेवण बुक कर, दुपारचं कर, आणि तुझ्या आईच्या वेळेला कर. बाकीची मोकळी सोड.

आईच्या वेळेचं एवढं का म्हणते, ते सांगते. आपले अण्णा इकडे आले होते तेव्हा तू शाळेत होतीस. आम्ही त्यांना घेऊन ऑरलँडोच्या एका पार्कात गेलो. जुलै महिना, उकाडा असा की सकाळी दहालाच शर्ट अंगाला चिकटलेला. आत खायची ठिकाणं पुष्कळ आहेत, कुठेही बसू, असं मी धरून चालले होते. एक वाजता जेवायचं म्हणून अण्णांनी साखरेची गोळी वेळेवर घेतली. पहिल्या ठिकाणी सांगितलं, रात्रीपर्यंत जागा नाही. दुसऱ्या ठिकाणीही तेच. तिसऱ्या ठिकाणी काउंटरपुढे रांग इतकी लांब की तिचं शेवटचं टोक उन्हात. मग आभाळ भरून आलं आणि पावसाने झोडपलं. पावणेतीनला एका वळचणीखाली उभे असताना अण्णांचे हात थरथरू लागले, कपाळावर गार घाम आला. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईने तिच्या मुलासाठी आणलेला संत्र्याचा रस त्यांच्या हातात दिला. पाचेक मिनिटांत ते सावरले आणि मलाच म्हणाले, अगं, काही झालं नाही. चूक सर्वस्वी माझी होती. आता आईलाही तीच गोळी आहे. तिचं वय चौऱ्याहत्तर, आणि दुपारी पाऊणला तिच्यापुढे ताट लागतं. तो नियम ऑरलँडोत मोडायचा नाही.

बुकिंगचा प्रश्न मी असा सोडवते. तुला, निखिलला, मला अकराला खाता येईल किंवा तीनला. त्या वेळांना काउंटरवर गर्दी कमी असते. ज्याचं पोट थांबू शकतं त्याला बुकिंगची गरज फारशी नाही. आईचं पोट थांबू शकत नाही आणि छोट्या कबीरचंही नाही. पण त्यांची जी वेळ, तीच सगळ्या पार्काची जेवायची वेळ. म्हणून साडेबारा ते एक ही वेळच आधी धरून ठेवायला हवी. थंडगार खोली, पाठ टेकायला खुर्ची, जवळ स्वच्छतागृह आणि पाऊण तास कोणी उठ म्हणणार नाही, हे त्या बुकिंगमध्ये मिळतं. जेवण त्याच्यासोबत येतं. त्यामुळे नावाजलेल्या जागेच्या मागे लागू नकोस. त्या दिवशी ज्या भागात फिरणार असाल त्याच्या जवळची जागा बघ.

आता ते करायचं कसं. टेबल ६० दिवस आधी बुक करता येतं. तुम्ही डिस्नेच्याच हॉटेलात उतरताय, म्हणून राहायला येण्याच्या दिवसापासून ६० दिवस मोजायचे, आणि त्या एकाच सकाळी पुढच्या सगळ्या मुक्कामाची टेबलं घेता येतात, दहा दिवसांपर्यंतची. बाहेरच्या हॉटेलात राहणाऱ्यांना रोज एकेक दिवस उघडण्याची वाट बघावी लागते. २० मेच्या ६० दिवस आधी म्हणजे २१ मार्च. इथल्या सकाळी सहाच्या सुमाराला डिस्नेच्या संकेतस्थळावर टेबलं उघडतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आमचं घड्याळ तासभर पुढे जातं, म्हणून तेव्हा पुण्यात दुपारचे साडेतीन वाजलेले असतील. इथे लोक डोळे चोळत उठतात, तू चहा घेऊन निवांत बसलेली असशील. हा तुझा मोठा फायदा आहे, तो वाया घालवू नकोस.

त्याआधी दोन कामं करून ठेव. त्याच संकेतस्थळावर खातं उघडून सगळ्यांची नावं त्यात भर. आणि कार्डावर परदेशी व्यवहार बँकेकडून चालू करून घे. आपल्याकडे ते मुळात बंद असतात, आणि ऐनवेळी ओटीपीच्या घोळात टेबल जातं. कबीर तीनच्या आत आहे, त्याला पार्कचं तिकीट लागत नाही आणि बुफेत पैसेही पडत नाहीत, पण टेबल बुक करताना त्याला माणसांत मोजायचं. ईरा सात वर्षांची, तिला लहान मुलांचा दर. इथे दहाव्या वर्षापासून मोठ्यांचा दर लागतो.

पैशांच्या बाबतीत निखिलच्या मनातली भीती काढून टाक. बहुतेक ठिकाणी बुक करताना पैसे कापत नाहीत, कार्डाचा नंबर फक्त लिहून घेतात. न कळवता गेला नाहीत तर माणशी १० डॉलर पडतात. बहुतेक टेबलं जेवणाच्या दोन तास आधीपर्यंत रद्द करता येतात. काही ठिकाणचे नियम वेगळे आहेत आणि ते बदलतातही, म्हणून प्रत्येक टेबल घेताना खालची दोन ओळींची सूचना वाचायचीच. या दोन तासांच्या सवलतीचा दुसरा अर्थही ध्यानात घे. लोक आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी धडाधड टेबलं सोडतात. २१ तारखेला एखादं मिळालं नाही तर हिरमुसू नकोस, आदल्या रात्री पुन्हा बघ. मी कित्येकदा अशीच मिळवली आहेत. डिस्नेच्या ॲपवर त्या वेळची वेटिंग लिस्टही असते, पण आईसाठी तिच्या भरवशावर राहू नकोस. आणि तुमचा बेत बदलला तर टेबल वेळेत सोड. तिकडे दुसऱ्या कोणाची आजी उभी असते.

तुझ्या मैत्रिणीसारखं सगळं बुक करू नकोस, हेही तितक्याच कळकळीने सांगते, कारण तेही मी करून पाहिलं आहे. एका वर्षी भावोजींकडची मंडळी आली होती. मागच्या धड्याने घाबरून मी एका दिवसात तीन टेबलं घेतली. सकाळची वेळ, राइडच्या रांगा सगळ्यांत लहान असतात ती, टेबलावर गेली. दुपारी चाळीस मिनिटं रांगेत थांबून पोरं पुढे पोचली आणि मी त्यांना हाताला धरून बाहेर काढलं, कारण जेवणाची वेळ झाली होती. कोणालाही भूक नव्हती. टेबलावरचं एक जेवण म्हणजे तास-सव्वा तास, वर जायचा-यायचा वेळ. अशी तीन जेवणं केली की अर्धा दिवस तिथेच जातो. त्या मुलांचे रडवेले चेहरे मला अजून आठवतात.

बाकीच्या दोन वेळांसाठी मोबाइल ऑर्डर आहे. काउंटरच्या बहुतेक ठिकाणी ॲपवर पदार्थ निवडून, पैसे भरून, न्यायची वेळ धरून ठेवता येते. तिथे पोचलात की आलो म्हणून बटण दाबायचं. आणि घरचा डबा. हे अनेकांना माहीत नसतं, पण डिस्नेच्या पार्कांत आपलं खाणं आत नेता येतं. काचेची बरणी, सुटा बर्फ आणि दारू नको, एवढंच. खाण्याच्या काउंटरवर गार पाणी मागितलं तर फुकट देतात. मी दशम्या, तिळाची चटणी आणि गूळपापडीच्या वड्या करून हॉटेलवर आणून ठेवीन. आईच्या पर्समध्ये दोन दशम्या आणि एक रसाची छोटी डबी रोज असलीच पाहिजे, टेबल बुक असलं तरीही.

शाकाहाराबद्दल मात्र डोळ्यांत तेल घालून राहा. इथे भाजी दिसते म्हणून ती शाकाहारी असेल असं नाही. भात आणि सूप चिकनच्या पाण्यात शिजवलेलं असू शकतं, मार्शमेलोत जिलेटिन असतं. डिस्नेच्या मेनूत काही पदार्थांपुढे हिरवं पान काढलेलं असतं. त्यात मांस, दूध, अंडं, मध काहीच नसतं, तिथे आईने डोळे मिटून खावं. बाकीचं विचारून. टेबलावर बसून जेवण्याचा इथे खरा उपयोग होतो, कारण सांगितलं तर आतून शेफ येऊन बोलतो. काउंटरच्या गर्दीत ते नीट विचारता येत नाही.

जागांबद्दल तू विचारलंस. सगळ्यांत आधी सना. ती पार्कात नाही, ॲनिमल किंगडम लॉजच्या किडानी व्हिलेजमध्ये आहे, म्हणून पार्कचं तिकीट लागत नाही. मधला विश्रांतीचा दिवस तिला दे. आफ्रिकी स्वयंपाकाला हिंदुस्थानी मसाल्यांची जोड आहे. नान, कुलचा, पराठा आणि सोबत चटण्या-लोणच्यांच्या वाट्या असं एक मोठं ताट येतं. खिडकीबाहेर कुरणात जिराफ आणि झेब्रे चरत असतात. उजेडात जा, रात्री काही दिसत नाही. आईला घरच्यासारखा घास मिळेल आणि कबीर खिडकीला नाक लावून बसेल. एकच टेबल मिळणार असेल तर हे घे.

एपकॉटच्या दिवशी मी येणार आहे. तिथे तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत, पूर्ण फेरी जवळजवळ दोन किलोमीटरची, आणि सावली कमी. इटलीच्या दालनात व्हिया नापोलीला पाऊणचं टेबल बघ. लाकडावर तापवलेल्या तीन भट्ट्या आहेत, त्यांना इटलीतल्या ज्वालामुखींची नावं दिली आहेत. ईराला ती गोष्ट सांग, पिझ्झा आपोआप संपेल. त्या दिवशी आपण सहाजण होऊ. सहाचं टेबल मिळालं नाही तर एकाच वेळेला चार आणि दोन अशी दोन टेबलं शोध. आणि सहा किंवा जास्त माणसं असली की बिलात १८ टक्के टिप आधीच लावलेली असते, पुन्हा देऊ नकोस. तुम्ही पाचजण असाल तेव्हा तेवढीच स्वतःहून द्यायची. वाढणाऱ्यांचं पोट त्यावरच चालतं, तिथे हात आखडू नये.

ईराला राजकन्या भेटायला हव्यात हे मला ठाऊक आहे. किल्ल्यातलं सिंड्रेलाचं टेबल महाग आहे, आणि त्या पैशात जेवणापेक्षा भेटीचाच वाटा मोठा. पोरीचा जीव खरोखर त्यात अडकला असेल तर एकदा कर आणि मागे वळून हिशेब करू नकोस. तिला मिकी पुरत असेल, तर काँटेम्पररी हॉटेलात शेफ मिकीजचा नाश्ता बघ. तिथेही पार्कचं तिकीट लागत नाही, आणि इमारतीच्या पोटातून मोनोरेल जाते ती कबीरला दिसेल. दोन्ही मात्र नको.

ॲनिमल किंगडममध्ये सफारी सकाळी उरकून सातूली कँटीनला पाऊणची मोबाइल ऑर्डर कर, टोफूचं ताट मिळतं, आत बसायलाही ऐसपैस आहे. हॉलिवूड स्टुडिओजला तुम्ही अर्धाच दिवस जाणार, तिथे डबा पुरे.

राहिली आईची संकष्टी. तिने ती कधी मोडली नाही, आणि इथेही मोडणार नाही. तुमच्या सहा दिवसांत येत असेल तर त्या दिवशी कुठलंच टेबल घेऊ नकोस आणि पार्कही ठेवू नकोस. तिथी इथल्या वेळेप्रमाणे एखाद्या दिवसाने मागेपुढे होऊ शकते, ती मी इथल्या पंचांगात पाहीन. मे महिन्यात घड्याळ पुढे असल्याने इथे संकष्टीचा चंद्र रात्री अकराच्या आसपास उगवतो. तोवर पार्कातली जेवणाची ठिकाणं बंद होत आलेली असतात. मी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी डब्यात घालून आणीन, खोलीतच देता येईल. दिवसभर गोळीचं काय करायचं ते मात्र तिच्या डॉक्टरांना निघण्याआधी विचारून घे. याबाबत तिचं ऐकू नकोस, त्यांचं ऐक.

निखिलला हे पत्र वाचायला दे. बुकिंगने सुट्टीचा जाच होतो हे त्याचं म्हणणं अगदी बरोबर आहे, म्हणून तर एकाच्या वर टेबल घेऊ देत नाहीये मी.

२१ मार्चला दुपारी सव्वातीनला कॉम्प्युटरपुढे बस. मी इथे पावणेसहाला उठून फोन हातात घेऊन बसते. तोवर आईच्या डॉक्टरांशी बोलून तिच्या गोळीच्या आणि जेवणाच्या नेमक्या वेळा मला लिहून पाठव. टेबलाच्या वेळा त्यावरून ठरवू.

आईला नमस्कार, ईरा-कबीरला गोड पापे.

तुझी,
सुधामावशी